पाककृतींच्या कात्रणांची फाईल पुन्हा पुन्हा का बिघडते? (समस्या निवारण)

रविवारच्या पुरवण्यांतून, दिवाळी अंकांतून, कॅलेंडरच्या मागच्या बाजूवरून कापून ठेवलेल्या पाककृती एकदा नीट लावल्या की काम झालं असं वाटतं. वर्ष उलटायच्या आत पुन्हा तोच ढीग होतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या रात्री मणगण्याचं, म्हणजे चणाडाळ-गुळाच्या खिरीचं, कात्रण हवं असतं आणि हाताला लागतो केक. पावसाळा सरता सरता निम्मी पानं एकमेकांना चिकटलेली असतात. गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ज्या ज्या घरात असा संग्रह आहे तिथे ही तक्रार असतेच, आणि उपाय म्हणून बहुतेक जण नवी, आधीपेक्षा जाड फाईल विकत आणतात. तिने काही दिवस बरं वाटतं, इतकंच. बिघाड फाईलच्या बाहेर आहे.

तो एकच बिघाडही नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि तिन्हींना आपण 'पसारा' म्हणतो. म्हणून आधी आपल्या घरातला नेमका कोणता ते ओळखावं. चटई अंथरून सगळी कात्रणं बाहेर काढा आणि पहिल्यांदा वास घ्या. कुबट, ओलसर वास आला, कडांवर करडे ठिपके दिसले, तर कागदाचा प्रश्न आहे आणि बाकी सगळं सोडून आधी तो सोडवायला हवा. मग यातल्या किती पाककृती घरात एकदा तरी शिजल्या आहेत ते पाहा. निम्म्याहून कमी असतील तर आवक जास्त झाली आहे. शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी एखादा ठरावीक पदार्थ शोधायला सांगा. तुम्हाला सापडतो पण त्यांना सापडत नाही, असं झालं तर मांडणी चुकली आहे. ती तुमच्या आठवणीवर चालते आहे, फाईलवर नाही.

कात्रण आहे, पण वेळेला सापडत नाही

याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आपण पाकपुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून घरची फाईल लावतो: न्याहारी, भाज्या, आमट्या, मासे, गोड, लोणची. छापील पुस्तकाला ते शोभतं. घरात प्रश्न असा येत नाही. 'आज एक भाजी शोधू या' असं कुणी म्हणत नाही. शेजारच्या काकींनी आंबाड्यांची पिशवी आणून दिली, त्यांचं काय करायचं? परसातला फणस कोवळा आहे तोवर काढायचा आहे. परवा पाहुणे येणार आणि ते शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणारे. प्रश्न हंगामाचा, सणाचा, घरात आलेल्या जिनसाचा असतो, आणि उत्तरं मात्र 'भाज्या', 'गोड' अशा कप्प्यांत विखुरलेली असतात.

गोव्यातलं स्वयंपाकघर तर ऋतूवरच चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरात सुकी मासळी, कडधान्यं आणि पावसाने उगवलेल्या भाज्या शिजतात. पहिल्या सरींबरोबर तायकिळो (टाकळा) येतो, पुढे अळमी (रानातल्या अळंब्या) येतात. श्रावणात शिवराक, मग चवथ, मग दिवाळीचे फोव (पोहे). मार्च उजाडला की फणस, कैरी, भिरंडं (कोकमं) आणि पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी. जो क्रम आपल्या डोक्यात आधीच पक्का आहे, तोच फाईलला द्यायला हवा. वेगळा क्रम दिला की तो पाळण्याचे कष्ट रोज घ्यावे लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत ते सुटतात.

माझं मत असं की कप्पे पाचच असावेत. पहिला उन्हाळा आणि पुरुमेत: मिसकुट, सोलं, सांडगे, पापड, कोवळ्या फणसाची भाजी, आंब्याचं सासव. दुसरा पाऊस: किसमूर, सुक्या सुंगटांचे प्रकार, आळसांद्यांचं तोंडाक, कुळथाची कढी, तायकिळ्याची भाजी. तिसरा श्रावण आणि चवथ: पातोळ्या, खतखतं, मणगणं, नेवऱ्या, मुगागाठी, आंबाड्यांचं करम, उपवासाचं सगळं. चौथा दिवाळी ते नाताळ: दुधातले, ताकातले, रोसातले फोव, फराळ, दोदोल, बेबिंका, केक. पाचवा बारमाही, म्हणजे ज्याला ऋतू नाही ते रोजचं जेवण. हा पाचवा कप्पा सर्वांत जाड होतो, म्हणून त्यात तेवढे दोन भाग पाडावेत: मासळीचे दिवस आणि शिवराक दिवस. सोमवारी काय करायचं हा प्रश्न सोमवारच्या कप्प्यातच सुटला पाहिजे.

कप्प्याच्या आत पदार्थाच्या नावाने लावू नका, मुख्य जिनसाने लावा. कात्रणाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आधी जिन्नस आणि मग पदार्थ लिहायचा: 'फणस, कोवळा – भाजी', 'तांदूळ – पातोळ्या'. आणि इथे एक नियम कटाक्षाने पाळायला हवा. कोपऱ्यात लिहायचं ते घरात बोलतो ते नाव, वर काहीही छापलेलं असो. पुण्या-मुंबईच्या अंकात कोळंबी, चवळी, टाकळा, आमसूल असं येतं. घरात आपण सुंगटं, आळसांदे, तायकिळो, सोलं म्हणतो. निम्मी कात्रणं एका नावाने आणि निम्मी दुसऱ्या नावाने लागली की एकच पदार्थ दोन ठिकाणी जातो आणि शोधणारा एकच जागा पाहून नाद सोडतो.

काही पदार्थ दोन कप्प्यांत बसतात. तवसळी श्रावणातली म्हणावी की न्याहारीची? जिथे तुमचा हात आधी जातो तिथे कात्रण ठेवा, आणि दुसऱ्या कप्प्यात तेवढ्याच आकाराची कोरी चिठ्ठी लावून तिच्यावर 'तवसळी – श्रावणात पाहा' असं लिहा. चिठ्ठीला मिनिटही लागत नाही आणि तिच्यामुळे शोध थांबत नाही. सुरुवातीला एक पान अनुक्रमणिकेसाठी ठेवायचं, पण पृष्ठक्रमांक घालायच्या भानगडीत पडू नये. नवीन कात्रण मध्ये आलं की सगळे क्रमांक बदलतात, मग कुणी ते बदलत नाही, आणि खोटी अनुक्रमणिका नसलेल्या अनुक्रमणिकेपेक्षा जास्त त्रास देते. नुसती नावं पुरतात.

ढीग वाढतच जातो

मांडणी कितीही चांगली केली तरी आवक आवरली नाही तर ती टिकत नाही. पाककृती कापून ठेवण्यात एक आशा असते: हे कधीतरी करू. ती आशा चांगलीच आहे, पण तिला वेगळी जागा द्यायला हवी. करून पाहिलेलं आणि करून पाहायचं हे दोन्ही एकाच फाईलमध्ये ठेवणं हे या सगळ्या बिघाडाचं मूळ आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. करून पाहिलेल्या कृतीवर आपला भरवसा असतो. न केलेल्या कृतींच्या गर्दीत तो भरवशाचा कागद दिसेनासा होतो.

म्हणून फाईलच्या बाहेर एक मोठा लिफाफा ठेवा आणि त्यावर 'करून पाहायचं' असं लिहा. नवीन कापलेलं प्रत्येक कात्रण त्यात जाईल, थेट फाईलमध्ये कधीही नाही. पदार्थ एकदा झाला, घरात आवडला, की त्याच दिवशी त्यावर महिना-वर्ष टाकून तो फाईलमध्ये बढतीवर जातो. आवडला नाही तर रद्दीत. लिफाफा भरला की त्यातून एक काढल्याशिवाय नवीन टाकायचं नाही. ज्या कात्रणाचा हंगाम येऊन गेला आणि तरीही ते झालं नाही, त्याला आणखी एक वर्ष द्या. दुसऱ्या हंगामातही हात लागला नाही तर ते आपल्या घरचं नव्हे. असं म्हणून सोडून देता आलं पाहिजे.

दिवाळी अंकांमुळे एक वेगळीच गर्दी होते. नारळाच्या वडीची कृती दर वर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात येते, आणि आपण ती दर वर्षी कापतो. अशा पाच कात्रणांतून ज्याची मापं सर्वांत स्पष्ट आहेत ते एक ठेवा. बाकीच्यांत काही वेगळं असेल, म्हणजे कुणी खवा घातला आहे, कुणी दुधाऐवजी साय, तर तेवढं ठेवलेल्या कात्रणाच्या कडेला लिहून घ्या आणि उरलेली चार सोडा. पाचही जपून ठेवली तर करायच्या दिवशी पाचही समोर मांडून तुलना करत बसावं लागतं.

कापतानाचीही एक शिस्त आहे. तीन पाककृतींसाठी अख्खं पान राखून ठेवू नये, त्याच दिवशी कापावं. डाव्या बाजूला दोन बोटं कोरी कड सोडावी, म्हणजे पंच करताना अक्षरं जात नाहीत. मजकूर पुढच्या स्तंभात किंवा मागच्या पानावर गेलेला नाही ना ते पाहावं; अर्धवट कात्रणांची बहुतेक प्रकरणं इथेच घडतात. मागच्या बाजूलाही पाककृती असेल तर एकीची झेरॉक्स काढावी. आणि कापल्या कापल्या वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहावी. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते, ते खाली सांगते.

या सगळ्या नियमांतून एक गोष्ट वगळायची: आई, आजी, सासूबाई, मावशी यांच्या हाताने लिहिलेले कागद. त्यांना 'शिजलं का?' ही कसोटी लावू नका. माझ्यासमोर आत्ता पातोळ्यांचं एक कात्रण आहे. छापलेली कृती साधीच आहे: तांदूळ भिजवून वाटायचे, हळदीच्या पानावर पातळ पसरायचे, चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) घालून पान दुमडायचं, उकडायचं. पण कडेला निळ्या शाईत बारीक अक्षरांत लिहिलं आहे, 'गूळ माडाचाच. वेलची शेवटी. पान उलट्या बाजूने नको.' शाई पाण्याने एका जागी पसरली आहे आणि 'वेलची'तला 'ची' अर्धाच उरला आहे. छापलेला मजकूर कुठेही मिळेल. या तीन ओळी दुसरीकडे कुठेही नाहीत. असे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि त्यांना पंच, डिंक, टेप यांतलं काहीही लावू नये.

पावसाळ्यात कागद खराब होतो

वर्तमानपत्राचा कागद मुळातच टिकण्यासाठी केलेला नसतो. तो लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातलं लिग्निन त्यात राहतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि कागद आम्ल होऊन ठिसूळ होत जातो. 'गोमन्तक' हे दैनिक १९६२ साली सुरू झालं. तेव्हापासून घराघरांत जमलेल्या जुन्या कात्रणांची घडी उघडली की ती घडीवरच तुटतात, याचं कारण हेच. ती तुमच्या हयगयीने तुटलेली नाहीत.

त्यात आपली हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू शकते, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ती ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून इथे 'बंद डब्यात ठेवा' एवढा सल्ला अपुरा आहे. डबा बंद करतानाच कागदात ओल असेल तर ती आतच कोंडली जाते. बहुतेक घरांत कागदपत्रांची आवराआवर चवथ झाल्यावर किंवा दिवाळीच्या साफसफाईत होते. तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो, कधी चालूच असतो, आणि कागदाने भरपूर ओल प्यायलेली असते. तीच कात्रणं नव्या फाईलमध्ये घट्ट बसवली की पुढच्या वर्षी वास ठरलेला. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. आपल्याकडची सर्वांत कोरडी हवा तेव्हा असते. कात्रणं दोन-तीन दिवस पंख्याखाली मोकळी पसरून मग डबा बंद करा. दर वर्षी परत येणाऱ्या बुरशीवर एवढा एक बदलही बराच उतारा पडतो.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकता येतात. रंग बदलणारं नारिंगी जेल घेतलं तर ते ओल पिऊन हिरवट झालं की कळतं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आत तापवलं की पुन्हा कामाला येतं. तेव्हा ओव्हनमध्ये खाण्याचं काही नसावं. मात्र रोज उघडल्या जाणाऱ्या डब्यात जेलचा काही उपयोग होत नाही. म्हणून मूळ कात्रणं एका डब्यात आणि वापरायच्या प्रती दुसऱ्या फाईलमध्ये अशी विभागणी करावी. मूळ कागद ओट्याजवळ येताच कामा नये. त्याची झेरॉक्स काढा. लेझर किंवा झेरॉक्सची शाई ओल्या हाताने पसरत नाही, इंकजेटची पसरते. तीच प्रत पारदर्शक पाकिटात घालून स्वयंपाकघरात वापरा. तिच्यावर आमसुलाचे डाग पडले तरी काही बिघडत नाही, दुसरी काढता येते.

पाकिटं घेताना पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनची मागा. पीव्हीसीची पाकिटं नवी असताना उग्र वास मारतात आणि काही काळाने झेरॉक्सची अक्षरं उचलून घेतात; कागद बाहेर काढला की मजकूर प्लास्टिकवर राहतो. एका पाकिटात एकच कागद, आणि वरचं तोंड उघडं.

लॅमिनेशन करून घ्यावं असं हमखास सुचवलं जातं. मी ते कुणाला सुचवणार नाही. कागद गरम प्लास्टिकमध्ये कायमचा अडकतो, आतली ओल आणि आम्ल आतच राहतात, कड सुटली की तिथून बुरशी शिरते आणि मग काहीच करता येत नाही. हाताने लिहिलेल्या कागदाचं तर अजिबात करू नये.

जोडण्या-चिकटवण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. यू-पिन आणि स्टेपल समुद्राकाठच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि कागदाला तांबडं भोक पाडतात. रबरबँड आधी चिकट होतो, मग कडक, आणि दोन्ही वेळा कागदाला धरून बसतो. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून झिरपतो. पिठाच्या खळीचं कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याला, खास आकर्षण असतं, कारण तिला स्टार्च लागतो. चिकटवही करायचीच असेल तर कात्रणाच्या फक्त वरच्या कडेला ग्लू स्टिक लावा. पातळ डिंकाने वर्तमानपत्राचा कागद सुरकुततो. बांधायला सुती नाडी सगळ्यांत बरी.

जागाही पाहावी लागते. गॅसच्या वरचं फळकूट सोयीचं वाटतं, पण तिथे वाफ आणि तेलाचा धूर थेट जातो. चिऱ्याच्या जुन्या घरांत बाहेरच्या भिंती पावसात ओल धरतात, म्हणून त्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. आतल्या भिंतीपाशी, चार बोटं अंतर ठेवून उभं केलेलं, जमिनीपासून वर असलेलं कपाट चांगलं. पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत कपड्यांसाठी काही जण वापरतात. कागदाजवळ तापलेला बल्ब ठेवणं धोक्याचं आहे, करू नका. डांबरगोळ्याही नकोत. ज्या प्रती स्वयंपाकघरात न्यायच्या आहेत त्यांना तो वास आणि ती वाफ कशाला?

आता नुकसान झालंच असेल तर. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. सावलीत, पंख्याखाली, चाळणीवर किंवा जाळीवर ठेवा. वाळता वाळता बरीचशी आपण होऊन सुटतात, आणि सुटतील तिथे मध्ये कोरा कागद सरकवत जा. कडक ऊन आणि इस्त्री टाळा, दोन्हींनी कागद आणखी ठिसूळ होतो. बुरशीला ओली असताना हात लावला तर ती पसरते. पूर्ण वाळू द्या, मग गॅलरीत किंवा अंगणात नेऊन, नाकातोंडाला मास्क बांधून, मऊ कोरड्या ब्रशने आपल्यापासून लांबच्या दिशेने झटका. हे काम स्वयंपाकघरात कधीच नको. साफ झालेल्या कात्रणाची झेरॉक्स काढा आणि छापील कात्रण असेल तर मूळ कागद टाकून द्या. त्याच्यावरून बुरशी इतर कागदांवर जाऊ शकते.

कसर लागली असेल तर ती ओळखू येते. कागदाचा वरचा थर वेड्यावाकड्या पट्ट्यांत खरवडल्यासारखा पातळ होतो, विशेषतः डिंकाच्या जागी. अशी पूर्ण कोरडी कात्रणं झिप पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी जमतं आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं. वाळवीची मातीची वाट भिंतीवर दिसली तर मात्र प्रश्न कात्रणांचा राहत नाही, घराचा होतो, आणि त्यासाठी माहितगार माणूस बोलवावा.

मोबाईलवर ठेवलं तर?

जरूर ठेवावं, कागदाला जोड म्हणून. गूगल ड्राइव्हमधून स्कॅन केलं की कडा सरळ येतात, आणि गूगल लेन्स देवनागरी मजकूर उचलतं. पण उचललेल्या मजकुरातले आकडे मूळ कागदाशी ताडून पाहा. पाव-अर्ध्याची चिन्हं गळतात, आणि फिकट छपाईत १ आणि ९ यांत गफलत होऊ शकते. मिठाच्या बाबतीत ती परवडणारी नाही. स्कॅनला नाव देताना कोपऱ्यात लिहिलेलंच नाव द्या, जिन्नस आधी. नुसते फोटो गॅलरीत पडू दिले तर लग्नाच्या आणि वाढदिवसाच्या फोटोंत ते पुन्हा हरवतात.

कात्रण सापडलं, पण त्यावरून पदार्थ होत नाही

हा बिघाड फाईलचा नसला तरी फाईल सोडून देण्याचं हे एक मोठं कारण आहे, म्हणून इथे घेते. जुन्या कात्रणांतली मापं आजच्या घरात जुळत नाहीत. भारतात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाला, पण कृतींत तोळे, पौंड आणि औंस बराच काळ राहिले. तोळा म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम, औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पौंड ४५४ ग्रॅम. नाताळच्या केकच्या कृतीत ३५० अंश लिहिलेले असतील तर ते फॅरनहाइट असतात, सेल्सिअसमध्ये साधारण १७५. शेराचं मात्र थेट रूपांतर करू नका; ते माप ठिकठिकाणी वेगळं होतं. तिथे इतर जिनसांशी प्रमाण पाहून अंदाज बांधावा.

वाटीचा गोंधळ सर्वांत जास्त. वजनाचा काटा असेल तर रोजच्या वापरातली वाटी पाण्याने भरा आणि फक्त पाण्याचं वजन घ्या. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तो आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'एक नारळ' असेल तिथेही पदार्थ करताना खवलेलं खोबरं किती वाट्या झालं ते कडेला लिहा. नारळ लहान-मोठा असतो, आणि 'अर्धी कड' म्हणजे किती हे ज्याच्या त्याच्या घरच्या माडावर ठरतं. अशी नोंद झाली की पुढच्या खेपेला तोच पदार्थ दुसऱ्या कुणालाही करता येतो.

उरली अर्धवट कात्रणं, म्हणजे 'उर्वरित पान ७ वर' असं लिहून संपलेली. त्यावर तारीख असेल तर उपाय आहे. पणजीत पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, आणि तिथे गोव्यातली जुनी वर्तमानपत्रं सांभाळलेली आहेत. नाव आणि तारीख घेऊन गेलात तर विचारणा करता येते. तारीख नसेल तर ते कात्रण घेऊन एखाद्या जाणत्या बाईकडे जा. वरचा साहित्याचा भाग वाचून दाखवला की पुढची कृती बहुतेक वेळा त्यांना पाठ असते, कारण हे पदार्थ वर्तमानपत्रात छापून येण्याआधी घरातच होत होते. त्या सांगतील तसं त्याच कागदामागे पान जोडून लिहून घ्या, कुणी सांगितलं आणि कधी तेही लिहा. मग ते छापील कात्रण न राहता हस्तलिखितांच्या फोल्डरमध्ये जातं.